स्विचवर व्हीलॅन केले आणि नेटच गेलं: नेमकं काय राहिलं?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज. ऑफिसात बिलिंगचे सहा पीसी, वजनकाट्याचा एक, टॅलीचा डेटा एका जुन्या पीसीवर शेअर केलेला. आवारात १६ कॅमेरे, दोन वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंट. हंगामात शेतकरी, व्यापारी, गाडीवाले येतात आणि सगळ्यांना वायफायचा एकच पासवर्ड दिलेला. गर्दी झाली की बिलिंगच्या पीसीला आयपी मिळेनासा होतो. कोणीतरी ‘व्हीलॅन करून टाक’ म्हणालं, म्हणजे एकाच स्विचवर एकमेकांपासून वेगळी अशी अनेक जाळी आखायची. तुम्ही रॅकमधल्या २४ पोर्टच्या वेब मॅनेज्ड स्विचवर व्हीलॅन १०, २० आणि ३० तयार केले, पोर्ट वाटून दिले, राउटरचं पोर्ट तिन्हींत टॅग्ड (व्हीलॅनच्या नंबराच्या चिठ्ठीसकट) ठेवलं, अ‍ॅप्लाय दाबलं आणि सगळ्यांचं नेट गेलं. स्विचचं पानही उघडेना. शेवटी पिन घालून रिसेट मारला. आता चुकलं कुठे आणि पुन्हा करायचं तर कसं, हे तुम्हाला हवंय.

निम्मं काम तुम्ही बरोबर केलं होतं. राहिल्या त्या दोन गोष्टी. एक, पोर्टचा पीव्हीआयडी, म्हणजे चिठ्ठीशिवाय आत आलेला माल कुठल्या व्हीलॅनचा धरायचा तो आकडा. दोन, राउटर. पहिली गोष्ट स्विचच्या वेगळ्या पानावर दडलेली असते म्हणून सुटते. दुसरी सुटते ती व्हीलॅन हे स्विचचंच काम आहे असं सगळे समजतात म्हणून. स्विच जाळं तोडतो. तुटलेले भाग पुन्हा हवे तेवढेच जोडायचं काम राउटरचं, आणि खरी मेहनत तिथे आहे.

पीव्हीआयडीमुळे काय झालं ते एका फ्रेमच्या, म्हणजे जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या एका गठ्ठ्याच्या, मागे जाऊन बघू. काट्याचा पीसी पोर्ट ७ वर आहे असं धरा. तुम्ही पोर्ट ७ ला व्हीलॅन १० चं अनटॅग्ड (चिठ्ठीशिवाय) सदस्य केलंत आणि व्हीलॅन १ मधून, म्हणजे सुरुवातीला सगळी पोर्ट ज्यात असतात त्यातून, काढलंत. पीसी चालू होतो आणि आयपी मागणारी डीएचसीपीची फ्रेम सगळ्या जाळ्यासाठी सोडतो. पीसीला व्हीलॅनची काही कल्पना नसते, त्यामुळे फ्रेम कोरी असते. कोरी फ्रेम आत आली की स्विच त्या पोर्टचा पीव्हीआयडी बघतो. तिथे अजून १ च आहे, म्हणून ती व्हीलॅन १ ची धरली जाते. इन्ग्रेस फिल्टरिंग (आत येणाऱ्या फ्रेमची सदस्यत्वाप्रमाणे तपासणी) चालू असेल तर स्विच ती तिथेच टाकून देतो, कारण पोर्ट ७ आता व्हीलॅन १ चं सदस्य नाही. फिल्टरिंग बंद असेल तर ती पुढे राउटरपर्यंत जाते, राउटर उत्तरही देतो, पण ते उत्तर व्हीलॅन १ मधून येतं आणि पोर्ट ७ मधून फक्त १० चा माल बाहेर पडू शकतो. उत्तर स्विचमध्येच राहतं. पीसी थोडा वेळ थांबतो आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी लावून घेतो. नेटच्या चिन्हावर पिवळा त्रिकोण दिसला असेल तो याचाच.

म्हणजे सदस्यत्वाचं पान सांगतं बाहेर काय जाईल आणि कसं जाईल. पीव्हीआयडीचं पान सांगतं आत आलेली कोरी फ्रेम कोणाची. साध्या पीसीच्या पोर्टवर हे दोन्ही आकडे सारखे पाहिजेत: अनटॅग्ड १०, पीव्हीआयडी १०. काही स्विच हे आपोआप जुळवतात, बरेचसे स्वस्त स्विच जुळवत नाहीत. सिस्कोच्या स्विचवर हा घोळ होत नाही, कारण तिथे ‘स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०’ या एकाच ओळीत दोन्ही बाजू ठरतात. सिस्कोवर शिकून आलेली मुलं वेब स्विचवर हमखास इथेच अडकतात.

आता टॅग म्हणजे काय. आयट्रिपलई या संस्थेचं ८०२.१क्यू नावाचं मानक १९९८ साली आलं आणि आज कुठल्याही कंपनीचा मॅनेज्ड स्विच घेतला तरी तेच पाळतो, म्हणून एका कंपनीचा स्विच दुसऱ्या कंपनीच्या राउटरशी बोलू शकतो. या मानकाप्रमाणे फ्रेममध्ये, पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यानंतर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर), ४ बाइट घुसवले जातात. त्यातले पहिले २ बाइट ‘पुढे टॅग आहे’ एवढंच सांगतात. उरलेल्या १६ बिटांत ३ बिट प्राधान्याचे, १ बिट गर्दीत फ्रेम टाकून द्यायला हरकत नाही हे सांगणारा, आणि १२ बिट व्हीलॅनच्या नंबराचे. १२ बिटांत ४०९६ आकडे बसतात, पण ० आणि ४०९५ राखीव आहेत, म्हणून वापरायला १ ते ४०९४. तुमच्याकडे बेदाण्याच्या बॉक्सवर लॉट नंबरची चिठ्ठी असते ना, तसंच हे: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माल हलवताना चिठ्ठी लागतेच, नाहीतर कोणाचा लॉट कोणता ते कळणार नाही. गिऱ्हाइकाच्या हातात बॉक्स देताना मात्र चिठ्ठी काढून घेतात. स्विच ते स्विच आणि स्विच ते राउटर या केबलींवर फ्रेम टॅगसकट जाते, पीसीकडे जाताना टॅग काढून जाते. टॅगसकट जाणाऱ्या केबलीला सिस्कोवाले ट्रंक म्हणतात, टॅग काढून देणाऱ्या पोर्टला अ‍ॅक्सेस.

नेट देणाऱ्या कंपनीने बसवलेला राउटर या चिठ्ठ्या वाचत नाही, निदान त्याच्या लॅन पोर्टांवर तरी. तुम्ही त्याचं पोर्ट तिन्ही व्हीलॅनमध्ये टॅग्ड ठेवलंत. टॅग लावलेली फ्रेम त्याच्याकडे गेली आणि त्याने ती सोडून दिली. पीव्हीआयडी सगळे बरोबर लावले असते तरी नेट आलंच नसतं. तुम्हाला ८०२.१क्यू समजणारा छोटा राउटर घ्यावा लागेल. मायक्रोटिकचा लहान राउटर, टीपीलिंकच्या ओमाडा मालिकेतला, किंवा ओपनडब्ल्यूआरटी चालणारा कुठलाही चांगला राउटर चालेल. तुमच्या जागेला लेयर थ्री स्विच (राउटरचंही काम करणारा स्विच) घेण्याची गरज नाही. विकणारा गळ्यात मारायला बघेल, घेऊ नका. नेट कंपनीचा राउटर आहे तिथे राहू द्या, त्याचं वायफाय बंद करा, त्याच्या लॅन पोर्टातून एक केबल नव्या राउटरच्या वॅन पोर्टला लावा. दोनदा नॅट (आतल्या आयपीची बाहेरच्या आयपीशी अदलाबदल) होईल, पण बिलिंग, टॅली आणि ई-वे बिलाच्या पोर्टलला त्याने काही फरक पडत नाही. बाहेरून आत पोर्ट फॉरवर्ड करायचं असेल तरच तो त्रास होतो.

किती व्हीलॅन करायचे? मी तुम्हाला चार सुचवतो आणि पाचवा करू नका असं आग्रहाने सांगतो. ऑफिसला १०, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांच्या वायफायला ३०, आणि मूळचा १ फक्त स्विच, राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट यांच्या लॉगिनसाठी. काटा वेगळा नको. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन सहसा सिरियल केबलने पीसीत येतं, तो भाग जाळ्यात नसतोच, आणि तो पीसी बिलिंगशी दिवसभर बोलत असतो. ज्यांचं आपसांत सतत काम आहे त्यांना वेगळं केलं की तुम्ही नियम लिहीत बसता आणि एके दिवशी ऐन गर्दीत एक नियम चुकतो. खात्यागणिक व्हीलॅन करायची हौस मी बऱ्याच ठिकाणी बघितली आहे. कोणाचा कोणावर विश्वास नाही एवढंच बघा: पाहुण्यांच्या फोनवर तुमचा विश्वास नाही, कॅमेऱ्यांच्या जुन्या फर्मवेअरवर नाही, बाकी सगळे एकाच घरचे.

व्हीलॅन १ वापरूच नये असं पुस्तकात सापडेल. त्यामागचं कारण असं की ट्रंकवर जो व्हीलॅन टॅगशिवाय जातो, सहसा १, त्यातच वापरणाऱ्यांचे पीसी असले तर कोणी मुद्दाम दोन टॅग लावलेली फ्रेम सोडून दुसऱ्या व्हीलॅनमध्ये घुसवू शकतो. तुमच्या मांडणीत एकही पीसी किंवा फोन १ मध्ये नसेल, त्यामुळे हे दार बंदच राहतं. शिवाय बऱ्याच स्वस्त स्विचवर लॉगिनचा व्हीलॅन बदलताच येत नाही. तिथे ओढाताण करण्यात अर्थ नाही. रिकाम्या पोर्टांची मात्र आठवण ठेवा: ती १ मध्ये पडून असतात. ती बंद करून टाका.

आयपीची मालिका व्हीलॅनच्या नंबराशी जुळवा, पुढे फार सोपं जातं. ऑफिसला १९२.१६८.१०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०, पाहुण्यांना १९२.१६८.३०. लॉगिनच्या व्हीलॅनला मात्र १९२.१६८.१ देऊ नका. नेट कंपनीच्या राउटरवर बहुतेक तीच मालिका असते आणि नव्या राउटरच्या दोन्ही बाजूंना एकच मालिका आली तर तो गोंधळतो. तिथे १९२.१६८.९९ घ्या.

पाहुण्यांच्या मालिकेबद्दल जरा थांबतो, कारण तुमचं मूळ दुखणं तिथेच आहे. नेट कंपनीच्या राउटरच्या पूलमध्ये, म्हणजे वाटायच्या आयपींच्या साठ्यात, कधी शंभरेक, फार तर अडीचशे आयपी असतात, आणि एकदा दिलेला आयपी बऱ्याच राउटरवर २४ तास त्या फोनच्या नावावर राहतो. सकाळी दहाला आलेला माणूस अकराला तासगावच्या रस्त्याला लागला तरी त्याचा आयपी उद्यापर्यंत अडकून. दुपारपर्यंत पूल संपतो, आणि ज्या पीसीची मुदत तेव्हाच संपते त्याला नवा मिळत नाही. व्हीलॅन केल्यावर पाहुण्यांची गर्दी ऑफिसच्या पूलला हात लावू शकणार नाही, हा तुमचा खरा फायदा. पण पाहुण्यांच्याही पूलचा तोच हाल होऊ नये म्हणून त्यांची मुदत एक तास ठेवा आणि मास्क २५५.२५५.२५४.० द्या. म्हणजे १९२.१६८.३० आणि ३१ मिळून ५१० आयपी वापरायला मिळतात. ३० हा सम आकडा असल्यामुळे ही जोडी नीट बसते. ३१ आणि ३२ ची जोडी बसली नसती.

नव्या राउटरवर लॅनचं एकच पोर्ट स्विचला जोडायचं आणि त्याच पोर्टाखाली १०, २० आणि ३० असे तीन व्हीलॅन इंटरफेस तयार करायचे. प्रत्येकाला शेवटचा आकडा १ असलेला आयपी द्या, प्रत्येकावर वेगळा डीएचसीपी पूल. मग फायरवॉल. राउटरच्या दृष्टीने हे तीन वेगळे रस्ते आहेत आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर तो तिन्हींमध्ये खुशाल वाहतूक करतो! व्हीलॅन केले म्हणजे सुरक्षित झालो असं समजून इथेच थांबलेली जाळी मी बघितली आहेत: पाहुण्याच्या फोनवरून ऑफिसच्या पीसीला पिंग जातो. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, बाकी सगळं बंद, राउटरचं लॉगिनचं पानसुद्धा बंद. त्यांना डीएनएस (नावावरून आयपी शोधणं) आणि डीएचसीपी (आयपी मिळणं) मात्र राउटरकडून लागतं, तेवढं खुलं. ऑफिसमधून कॅमेऱ्यांकडे जायची मुभा, कॅमेऱ्यांकडून ऑफिसकडे नवीन जोडणी करायची बंदी. कॅमेऱ्यांना इंटरनेट कशालाच लागत नाही. मालक मोबाइलवर बघतात त्यासाठी फक्त एनव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या यंत्राला) बाहेर सोडा. आणि कॅमेऱ्यांचं घड्याळ राउटरवरच्या वेळेशी जुळवा. नेट बंद केल्यावर काही महिन्यांनी रेकॉर्डिंगची वेळ सरकलेली सापडते, आणि गाडी किती वाजता आत आली यावरून वाद झाला की त्या रेकॉर्डिंगवर कोणी विश्वास ठेवत नाही.

एनव्हीआर कॅमेऱ्यांच्याच व्हीलॅनमध्ये ठेवा. १६ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर ६४ एमबीपीएस रात्रंदिवस वाहतं. एनव्हीआर ऑफिसात ठेवला तर हे सगळं राउटरमधून जाईल आणि छोटा राउटर दमेल. एकाच व्हीलॅनमध्ये असेल तर ते स्विचच्या आतच मिटतं. शेडमधला तुमचा पीओई (केबलीतूनच वीज देणारा) स्विच मॅनेज्ड नाही असं तुम्ही लिहिलंय. हरकत नाही. त्याच्यावर फक्त कॅमेरे असतील तर तो तसाच मुख्य स्विचच्या पोर्ट २० ला लावा, त्या पोर्टला अनटॅग्ड २०, पीव्हीआयडी २० द्या, झालं. त्याच्या मागचं सगळं आपोआप २० मध्ये जातं. अडचण एकच आहे, आणि ती मोठी आहे: शेडमधला अ‍ॅक्सेस पॉइंटही त्याच स्विचवर आहे. त्या अ‍ॅक्सेस पॉइंटला ऑफिस आणि पाहुणे असे दोन व्हीलॅन टॅगसकट हवेत. साधा स्विच टॅग बघून वेगळं करत नाही, सगळ्या व्हीलॅनचा माल एकाच जाळ्यात मिसळतो. त्या अ‍ॅक्सेस पॉइंटला मुख्य स्विचपर्यंत वेगळी केबल ओढा, किंवा शेडमधला स्विच बदलून आठ पोर्टचा मॅनेज्ड पीओई घ्या. अंतर १०० मीटरच्या आत असेल तर मी केबल ओढीन, ती स्वस्त पडते. नवा स्विच घेतलाच तर त्याचं अपलिंक पोर्ट गिगाबिट आहे का ते बघून घ्या. १०० एमबीपीएसच्या अपलिंकवर ६४ एमबीपीएस कॅमेऱ्यांचे आणि वर वायफाय, म्हणजे गळा आवळलाच.

यावरून एक खुलासा. व्हीलॅनने नेटचा वेग वाढत नाही. स्विच मुळातच ज्याची फ्रेम त्यालाच देतो. व्हीलॅनने फक्त सगळ्यांसाठी सोडलेल्या फ्रेमचा पसारा आवरतो, आणि शंभर-दोनशे यंत्रांत त्या पसाऱ्याचं ओझं फारसं नसतं. मालकांना ‘वेग वाढेल’ असं सांगून खर्च मंजूर करून घेऊ नका. पाहुण्यांच्या व्हीलॅनला राउटरवर वेगाची मर्यादा घाला, तो परिणाम मालकांना दिसेल.

आता प्रत्यक्ष करताना. रविवारी किंवा रात्री काट्यावर गाडी नसताना बसा. आधी कागदावर २४ ओळी आखा: पोर्ट, पुढे काय लावलंय, अनटॅग्ड कोणता, टॅग्ड कोणते, पीव्हीआयडी किती. तुमच्या बाबतीत पोर्ट २४ म्हणजे राउटर: १ अनटॅग्ड, १०, २० आणि ३० टॅग्ड, पीव्हीआयडी १. पोर्ट २१ आणि २२ अ‍ॅक्सेस पॉइंट: १ अनटॅग्ड, १० आणि ३० टॅग्ड, पीव्हीआयडी १. पोर्ट २३ तुमच्या लॅपटॉपचं, त्याला हात लावायचा नाही, ते शेवटपर्यंत १ मध्येच. मागच्या वेळी स्विचचं पान उघडेना झालं ते तुम्ही स्वतः ज्या पोर्टवर बसला होता तेच हलवलंत म्हणून. लॅपटॉपला १९२.१६८.९९ मधला आयपी हाताने लावून २३ वर बसा आणि तिथून सगळं करा. पोर्ट चालू असूनही पुढे काय आहे ते कळत नसेल तर स्विचचं मॅक टेबल बघा: कुठल्या पोर्टवर कुठला मॅक पत्ता दिसतो ते त्यात असतं, आणि पीसीवरचा मॅक त्याच्याशी ताडता येतो. पॅच पॅनेलवरच्या जुन्या चिठ्ठ्यांवर विसंबू नका.

आधी राउटर तयार. मग स्विचवर चारही व्हीलॅन, मग पोर्ट २४. इथपर्यंत कोणाचं काही बिघडत नाही. मग ऑफिसचं एकच पोर्ट १० मध्ये हलवा, पीव्हीआयडीसकट. त्या पीसीला १९२.१६८.१० मधला आयपी आला, १९२.१६८.१०.१ ला पिंग गेला, नेट उघडलं, तरच पुढचं पोर्ट. एक पोर्ट चाललं की बाकीची दहा मिनिटांची गोष्ट आहे. एक चाललं नाही तर शोधायला एकच जागा असते. सगळी पोर्ट एकदम हलवून मग ‘काहीच चालत नाही’ म्हणत बसणं फार थकवतं.

नंतर सेव्ह करा. अनेक स्विचवर अ‍ॅप्लाय म्हणजे आत्तापुरतं लागू, आणि सेव्हचं बटण वेगळ्या पानावर. लाईट गेली की स्विच जुन्या मांडणीवर उठतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटतं कोणीतरी छेडछाड केली. मुद्दाम स्विच बंद-चालू करून बघा. ही सवय उलट बाजूनेही कामाला येते: सिस्कोवर मोठा बदल करायच्या आधी ‘रीलोड इन १०’ द्यायचं आणि सेव्ह करायचं नाही. बाहेर अडकलात तर दहा मिनिटांत स्विच आपोआप पूर्वीसारखा होतो, सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. मायक्रोटिकमध्ये हेच काम सेफ मोड करतो. आणि तिथे ब्रिजचं व्हीलॅन फिल्टरिंग सगळ्यात शेवटी चालू करायचं. आधी चालू केलं तर स्वतःच बाहेर फेकले जाता.

पुढे कधी जुन्या बाजारातून सिस्कोचा कॅटॅलिस्ट घेतलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा, दोन्हींनी चालू जाळी झोपतात. चालू ट्रंकवर नवा व्हीलॅन वाढवताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’ असं लिहायचं. त्यातला ‘अ‍ॅड’ गाळला तर यादीत ३० वाढत नाही, आधीची सगळी यादी पुसून एकटा ३० उरतो. दुसरी व्हीटीपी, म्हणजे व्हीलॅनची यादी एका स्विचवरून दुसऱ्यांवर आपोआप पसरवणारी सिस्कोची सोय. जुन्या स्विचच्या फ्लॅशमध्ये व्हीलॅनची वेगळी फाइल असते, नुसतं कॉन्फिगरेशन पुसून ती जात नाही. त्याच्या व्हीटीपीचं डोमेन नाव तुमच्याशी जुळलं आणि आवृत्तीचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा निघाला, तर जोडल्याबरोबर त्याची व्हीलॅन यादी तुमच्या सगळ्या स्विचवर चढते. जोडण्याआधी त्याला ट्रान्सपरंट मोडमध्ये टाका, म्हणजे आकडा शून्य होतो.

आता सगळं जमल्यावर जे बिघडेल ते आधीच सांगतो, म्हणजे घाबरून पुन्हा पिन दाबणार नाही. ऑफिसच्या पीसीवरून कॅमेरे शोधणारं सॉफ्टवेअर एकही कॅमेरा दाखवणार नाही. ते शोध घेताना मल्टिकास्ट (एकदम अनेक यंत्रांना घातलेली साद) वापरतं आणि ती राउटर ओलांडत नाही. एनव्हीआरचा आयपी हाताने टाका, चित्र येईल. मालकांच्या फोनवरून वायफायने प्रिंट जात असेल तर त्यांचा फोन ऑफिसच्या वायफायवर असला पाहिजे, पाहुण्यांच्या नाही. प्रिंटर न सापडण्याचं कारणही तेच. टॅलीचा पीसी आणि बिलिंगचे पीसी दोन्ही १० मध्ये आहेत, त्यामुळे शेअर चालू राहील, फक्त कोणी जुन्या आयपीने ड्राइव्ह जोडला असेल तर तो पुन्हा जोडा.

पुढे कधी टॅलीचा पीसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये न्यायचं मनात आलं तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण ती शोधण्यात माणसं रात्र घालवतात. राउटर बरोबर, फायरवॉलचे नियम बरोबर, तरी शेअर उघडत नाही, पिंगसुद्धा नाही. कारण विंडोजच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचे नियम प्रायव्हेट जाळ्यावर फक्त ‘लोकल सबनेट’साठी खुले असतात. दुसऱ्या मालिकेतून आलेल्याला विंडोजच दार उघडत नाही. त्या नियमाच्या स्कोपमध्ये दुसरी मालिका घालावी लागते. शिवाय पीसीच्या नावाने शेअर उघडत असाल तर नाव शोधण्याची ती पद्धतही राउटरपलीकडे जात नाही, आयपीने उघडावं लागतं.

मिरजेत दवाखान्यांची कामं करताना हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या यंत्रात आयपी कायमचा भरलेला असतो आणि तो बदलायला कंपनीचा माणूस यावा लागतो. तिथे मी जुनी मालिका यंत्रांकडेच राहू देतो आणि बाकीच्यांना हलवतो. तुमच्याकडे असा कायमचा आयपी भरलेलं काही आहे का, उदाहरणार्थ कोल्ड रूमचं तापमान नोंदवणारं यंत्र, ते सुरुवात करण्याआधी बघा. बेदाण्याच्या तापमानाची नोंद रात्रभर बंद पडलेली सकाळी कळणं परवडणारं नाही.

लूपची काळजी व्हीलॅनने जात नाही. एकच केबल दोन्ही टोकांनी भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये कोणी घातली की तो व्हीलॅन बसतो, आणि स्विचचा प्रोसेसर दमला तर बाकीचेही. स्विचमध्ये रॅपिड स्पॅनिंग ट्री किंवा लूप डिटेक्शन, जे असेल ते चालू ठेवा. डीएचसीपी स्नूपिंग असेल तर तेही, आणि विश्वासाचं पोर्ट फक्त २४. घरून जुना राउटर आणून लॅन पोर्टने भिंतीला लावणारा एक जण प्रत्येक ऑफिसात असतो, आणि मग निम्म्या पीसींना भलत्याच मालिकेतले आयपी यायला लागतात. स्नूपिंग असलं की त्या राउटरची उत्तरं स्विचमध्येच अडतात.

शेवटचं काम कॉन्फिगरेशनच्या बॅकअपचं. स्विच आणि राउटर दोन्हींची फाइल उतरवून घ्या, त्या २४ ओळींच्या कागदाचा फोटो काढा, आणि हे दोन्ही इमारतीच्या बाहेर, मेलवर किंवा मालकांच्या फोनवर ठेवा. कुपवाड उंचावर आहे, पण पेढी सांगलीच्या गणपती पेठेत किंवा मारुती चौकाकडे असेल तर २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात त्या भागातल्या तळमजल्यांचं काय झालं ते तुम्ही बघितलंच आहे. फाइल हातात असेल तर त्याच मॉडेलचा नवा स्विच अर्ध्या तासात उभा राहतो. दर बदलानंतर नवी फाइल, नावात तारीख. राउटरचा पासवर्डही एका बंद पाकिटात मालकांकडे द्या, तुम्ही गावाला गेलात तर काटा अडायला नको.